चिखलमावशी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती पडवीत पाटावर बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडत होती आणि स्वतःच्या मरणाच्या बातमीवर हसत होती.

बातमी दक्षताच्या मोबाइलवर आली होती. दक्षता माझ्या भावाची मुलगी. माजिवड्याला एका ऑफिसात नोकरी करते आणि मोबाइलवर जे काही येईल ते घरभर दाखवत फिरते. काळ्या चौकटीत एक जुनं चित्र होतं. मांडीपर्यंत चिखलात रुतलेली बाई, तोंडाला राखाडी लेप, मोकळे केस, एक हात पुढे केलेला. खाली लिहिलं होतं की ‘खाड़ी के मुर्दे’ या अजरामर भयपटातली आपली लाडकी चिखलमावशी आता आपल्यात नाही, सर्व चाहत्यांकडून भावपूर्ण श्रद्धांजली. आणि त्याखाली जोडलेल्या हातांच्या रांगाच रांगा.

ती बाई म्हणजे माझी आई, चंद्रभागा. दक्षताला हे माहीत होतं, कारण आईनेच तिला लहानपणी सांगितलं होतं. त्या चाहत्यांना माहीत नव्हतं.

आईने ओले हात पदराला पुसले आणि मोबाइल लांब धरून ते चित्र नीट बघितलं. म्हणाली, “मेल्यावर एवढे हात जोरतात? आदी कोन इचारत नाय.” मग वहिनीकडे वळली. “बरा झाला पन. खोटी बातमी उठली का मानसाचा आयुष्य वाढतं.”

हे आमच्याकडे सगळेच मानतात. वहिनीने लगेच तिच्या मामाची गोष्ट काढली. होडी उलटली, मामा बुडाला म्हणून घरात रडारड झाली, आणि संध्याकाळी मामा खाडीकाठाने चालत घरी आला. पुढे तो इतका जगला की सुना कंटाळल्या. आई हसता हसता खोकली. माझा भाऊ तानाजी खाटेवर पेपर वाचत होता, तोही हसला. मी एका चिंबोरीच्या पाठीवरच्या हिरवट डागाकडे बघत बसले होते.

ती बातमी मी दिली होती.

डोंबिवलीच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवते तिथला ऋतुराज हा जुना विद्यार्थी. माझा नव्हे, कॉमर्सचा. आता तिशीत आहे, विमा कंपनीत काम करतो. त्याने आणि त्याच्यासारख्या काही जणांनी मिळून या सिनेमाच्या चाहत्यांचं मंडळ काढलं आहे. वर्षातून एकदा हॉल घेऊन ते तो सिनेमा दाखवतात आणि लोक अंबरनाथ, टिटवाळ्यापासून येतात. महिन्यापूर्वी तो स्टाफरूममध्ये आला. मी मूळची बाळकुमची आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सिनेमातले मुडदे बाळकुमच्या खाडीत चित्रित झालेत, बाकी सगळ्या नटांचा पत्ता लागला, फक्त ही एक बाई सापडत नाही, असं तो सांगत होता. त्याने मोबाइल पुढे केला. इंग्रजीच्या मॅडमही डोकावल्या आणि “काय अवतार आहे हा,” म्हणून हसल्या.

मी म्हटलं, “गावातलीच कुणीतरी होती. वारली ती.”

नाव विचारलं तर आठवत नाही म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. ऋतुराज खुर्चीवरून उठून उभा राहिला. तो निघाला असं वाटून मी बॅगेतून उत्तरपत्रिका काढल्या. पण तो निघाला नव्हता. तो नुसता उभा होता.

सिनेमा तयार झाला तेव्हा मी दुसरीत होते. गोष्ट अशी होती की एक कारखानदार खाडीत विष सोडतो, गाव मरतं, आणि मेलेली माणसं ओहोटीला चिखलातून उठून घरांकडे चालू लागतात. शहरातून आणलेली माणसं चिखलात दोन पावलांवर रुतून बसली. मग सिनेमावाले पाड्यात आले. आमच्या बायका मिठागरापलीकडे चिखलात हातांनी निवट्या धरायच्या. निवटी म्हणजे चिखलात सुळकन पळणारा बोटाएवढा मासा. त्याच्यामागे जायचं तर पाय वर ओढून चालत नाही, टाच आधी तिरकी करून सोडवावी लागते आणि अंग पुढे झोकावं लागतं. हे पाड्यातल्या सगळ्यांनाच यायचं, म्हणून सिनेमातले मुडदे म्हणजे सगळा आमचा पाडाच होता. पण कॅमेरा आईवर थांबला.

बाकी सिनेमा बंगल्यात झाला. त्यात नायिका दोनदा आंघोळ करते. ठाण्याच्या थिएटरबाहेर बोर्ड लागला तेव्हा त्यावर एका बाजूला आंघोळ करणारी नायिका होती आणि दुसऱ्या बाजूला माझी आई. ओलं लुगडं मांड्यांना चिकटलेलं. पाड्यातले सगळे पुरुष सिनेमा बघून आले. बाई एकही गेली नाही. बाबा बघून आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून आईचं निवट्यांना जाणं बंद झालं. घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. बोललं नाही म्हणूनच मला कळलं की ती काहीतरी घाण गोष्ट आहे.

शाळेत मुलगे माझ्या मागून हात पुढे करून, पाय ओढत चालायचे. मुडद्याची पोर, म्हणायचे. मी भरभर चालायला शिकले. भरभर वाचायलाही शिकले. पुस्तकांच्या जोरावर आधी ठाण्याला आणि नंतर डोंबिवलीला पोचले. वाटेत कुठेतरी ‘आय’ची ‘आई’ केली आणि ‘पानी’चं ‘पाणी’. सासरी सांगितलं की आमची शेती होती. ते खोटं नव्हतं, थोडी होती. माझा नवरा देवेश भला माणूस आहे. त्याला सांगितलं असतं तर तो कौतुकानेच हसला असता. मला त्या कौतुकाचीही भीती वाटायची.

एक गोष्ट मात्र शाळेतल्या मुलांना माहीत नव्हती. शूटिंगच्या दिवशी मी बांधावर होते. आजीने आईसाठी भाकरीचा डबा देऊन पाठवलं होतं. चिखलातून जी माणसं चालत येत होती त्यांतली आई कोणती ते मला कळेना. आणि मग कळलं. राखाडी तोंड, काळे खड्डे केलेले डोळे, आणि तरी ती आईच. मी भोकाड पसरलं. तिच्याकडे जावं की तिच्यापासून पळावं हे न कळून बांधावरून खाली उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. कुणीतरी मला उचलून वर घेतलं. त्या संध्याकाळी ती तोंड घासून घासून लाल करून आली, तरी मी तिच्या हातून जेवले नाही. तिने दोनदा घास पुढे केला. मग आजीने भरवलं.

तर त्या रविवारी हसणं ओसरल्यावर दक्षता म्हणाली, पुढच्या रविवारी यांचा डोंबिवलीत शो आहे. आजी, तू मेलेली असून तिथे गेलीस तर अर्धा हॉल पळून जाईल. वहिनी पुन्हा हसली. आई हसली नाही.

“मना बगायचाय,” ती म्हणाली.

तानाजीने पेपर खाली घेतला. आता या वयात कशाला, म्हणाला.

“मी कशी चालतंय ता मना कवाच दिसला नाय,” आई म्हणाली. “सगल्यांनी बगला.” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “सोने, तुज्या डोंबोलीतच हाय. नेशील?”

मी म्हटलं, “बघू.”

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. माझ्या मुलाला ते कळतं, देवेशला कळतं, आणि आईला तर ते माझ्या शाळेपासून माहीत होतं. तिने मान हलवली आणि पुढची चिंबोरी उचलली. मी दक्षताला बाजूला घेऊन सांगितलं की त्या लोकांना एवढ्यात काही कळवू नकोस, कॅमेरे घेऊन दारात उभे राहतील, आजी दमेल. दक्षता बरं म्हणाली. पण माझ्याकडे लागायला हवा होता त्यापेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिली.

निघताना आई रिक्षापर्यंत आली. पाड्यातून बाहेर पडायची गल्ली आता दोन टॉवरांच्या भिंतींमधून जाते आणि तिथे दिवसाही सावली असते. तिने रश्श्याचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं. त्या झाकणाकडेच बघत म्हणाली, “बातमी ज्यानी दिली त्याचा भला होव. माजी धा वर्सा वाढवली त्यानी.” मग डबा परत आणायला सांगितलं. मागचे दोन अजून माझ्याकडेच आहेत, म्हणाली.

मी रिक्षात बसले. उद्या फोन करून सांगू, असं ठरवलं. तिला सगळं नाही, थोडं सांगू. म्हणू की माझा गैरसमज झाला. माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नलला रिक्षा थांबली तोवर मी ते वाक्य तयारही केलं होतं. ते चांगलं वाक्य होतं. आई त्यावर एका क्षणात हसली असती आणि तिने एका क्षणात ओळखलं असतं.

सोमवारी सकाळी तानाजीचा फोन आला. हंडा भरून ओट्यावर ठेवला आणि तिथेच बसली. वहिनीला वाटलं दम खातेय.

मी शिकलेली बाई आहे. खोट्या बातमीने माणसाचं आयुष्य वाढत नाही, आणि खोट्या बातमीने माणूस मरतही नाही. यातलं पहिलं मी सहज मानते. दुसरं मानायला मला अजून जमलेलं नाही. त्या दिवशी पाड्यातल्या बायका येऊन रडत होत्या आणि म्हणत होत्या, कालच तर हसत होती गं, आयुष्य वाढलं म्हणून. जी ती तेच सांगत होती. प्रत्येकीला ती आठवण गोड वाटत होती. मी भिंतीला टेकून बसले होते आणि कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला की अंग आखडून घेत होते.

लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवस. भावाच्या घरी तेराव्यापर्यंत. चौथ्या दिवशी पाड्यातल्या म्हाताऱ्या मंडळींनी मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली आणि सांगितलं, तू दिल्या घरची, तुझं फिटलं, आता आपल्या घरी जा. वाद घालायला हवा होता असं वाटलं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. डोंबिवलीला आले, दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हळू आवाजात विचारपूस केली. इंग्रजीच्या मॅडमनी माझा हात हातात घेऊन विचारलं, आई काय करायच्या? मी म्हटलं, घरीच असायच्या.

स्वयंपाकघरात ते तीन डबे एकावर एक ठेवले होते. घासून, पुसून. देवेशने विचारलं, परत द्यायचेत ना? मी हो म्हटलं.

शनिवारी दक्षताचा फोन आला. उद्या तो शो आहे, म्हणाली. तिला जायचं होतं, पण घरात सुतक, सिनेमा बघायला कसं जाणार. “आत्या, तुला चालतं. तू जा. आजीला बघायचं होतं.”

मी काहीतरी पुटपुटले. उत्तरपत्रिका आहेत, असं काहीसं.

“तू त्या दिवशी गेल्यावर मी त्या ग्रुपवर विचारलं होतं,” ती म्हणाली, “कुणी सांगितलं म्हणून. त्यांनी सांगितलं.”

मी खुर्चीत बसले. मग विचारलं, “आजीला बोललीस?”

“बोलायला गेलेली. ती म्हणाली, ऱ्हाव दे, मना नको सांगू.” दक्षताच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. “मग म्हणाली, सोनी लहान होती तेव्हा लय घाबरली होती. अजून घाबरते. एवढंच.”

रविवारी सकाळी मी गेले. डोंबिवली पूर्वेला एका बँकेच्या वर हॉल आहे. तिथे भजनं होतात, साखरपुडे होतात. आदल्या दिवशीच्या कुठल्या तरी कार्यक्रमाच्या झेंडूच्या पाकळ्या खुर्च्यांखाली पडल्या होत्या. दारातच एक मुलगी वाटीत मुलतानी माती कालवून उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या गालावर बोटाने पट्टा ओढत होती, हळदीकुंकवाला हळद लावतात तसा. तिच्या टी-शर्टवर माझी आई होती. मानेपासून पोटापर्यंत.

“पहिल्यांदाच का काकू?” तिने विचारलं. मी मान डोलावली. तिने माझ्या गालावर माती लावली. ती गार होती. “घाबरू नका हं, सुरुवातीला सगळे हसतात. मावशी आली की कुणी हसत नाही.”

मी मागच्या रांगेत बसले. सिनेमाआधी चालण्याची स्पर्धा होती. खुर्च्यांच्या मधल्या वाटेवरून लोक एकेक करून हात पुढे करून चालत येत होते, आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. पहिले दोघे-तिघे नुसते पाय ओढत होते, शाळेतल्या मुलांसारखे. माझी मान आपोआप खाली गेली. मग एक जाडसर, टक्कल पडलेले गृहस्थ आले. शेजारच्याने सांगितलं, कल्याणला पोस्टात आहेत, दरवर्षी बक्षीस यांनाच. त्यांनी टाच आधी तिरकी केली. मग बोटं सोडवली. मग अंग पुढे झोकलं आणि दुसऱ्या पायाखाली चिखल आहे असं समजून थांबले. गुळगुळीत लादीवर, झेंडूच्या पाकळ्यांवर, एका अनोळखी माणसाच्या अंगात माझ्या आईची चाल होती. त्यांनी ती शिकायला किती वेळा ते चित्र मागेपुढे केलं असेल. मी तिच्याच घरात वाढले आणि ती चाल अंगातून काढून टाकायला मला अख्खं आयुष्य लागलं.

मग ऋतुराज पुढे आला. त्याने मला बघितलं नाही. नवीन आलेल्यांसाठी तो थोडं बोलला. म्हणाला, लोक विचारतात, या असल्या सिनेमात तुम्हाला काय दिसतं? नायक भिकार, गाणी चोरलेली, रक्त म्हणजे पाण्यात कालवलेला रंग. हॉल हसला. तो म्हणाला, दुसऱ्या सिनेमांतले मुडदे चावतात, धावतात, माणसं खातात. आपले कुणाला चावत नाहीत. ते आपापल्या घरी जातात आणि दारात उभे राहतात. भीती एवढीच आहे, की ते परत आलेत, आणि आतली माणसं दार उघडत नाहीत. माझे वडील करोनात गेले, म्हणाला. तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून मी हा सिनेमा किती वेळा बघितलाय मला माहीत नाही. प्रत्येक वेळी वाटतं, यांतल्या एकाने तरी दार उघडावं.

पडद्यावर आईचं चित्र आलं. काळी चौकट. खाली ‘चिखलमावशी, बाळकुम’ एवढंच. ऋतुराज म्हणाला, यंदा आपल्याला कळलं की त्या आता नाहीत. नाव मिळालं नाही, त्याबद्दल त्यांची माफी मागूया. आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. माती लावलेले गाल, आईचे टी-शर्ट, पोस्टातले गृहस्थ. मी सांगितलेल्या खोट्यासाठी ते उभे होते, आणि ते खोटं आता खोटं राहिलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी मी उठले.

सिनेमा सुरू झाला. तो वाईटच होता. नायिकेच्या आंघोळीला लोक संवाद म्हणत होते, कारखानदार आला की हिस्स करत होते. मी हे सगळं आयुष्यभर घाण समजून दूर ठेवलं होतं आणि ते इतकं साधं, इतकं खुळं होतं. मग ओहोटीचा प्रसंग आला. संगीत थांबलं. पडद्यावर आमची खाडी होती, तिवरांची झाडं होती, मागे एकही टॉवर नव्हता. पाय चिखलातून सुटताना होतो तो आवाज तेवढा ऐकू येत होता. हॉलमधली कुजबुज विझली.

तिवरांच्या मागून आई आली.

मी मेलेल्या बाईला बघायला आले होते. पडद्यावरची बाई माझ्याहून लहान होती. अठ्ठावीस-तीसची, रुंद खांद्यांची, मजबूत. लेप लावला तरी लपत नव्हतं की ती जिवंत आहे आणि तिला चिखलाची भीती नाही. ती चालत होती. अख्खी खाडी तिच्या पायाखाली होती आणि ती एकेक पाऊल तिच्याकडून सोडवून घेत होती. लुगडं मांड्यांना चिकटलं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. चिखलात लुगडं चिकटतंच. हे बाबांनाही माहीत होतं, मलाही माहीत होतं.

कडेला येता येता तिची नजर एकदम डावीकडे, चौकटीच्या बाहेर गेली. ओठ हलले. आणि तिथे चित्र थांबलं.

दिवे लागले. समोर तिचं तोंड भिंतीएवढं, ओठ अर्धे उघडे. ही त्यांची दरवर्षीची पद्धत असावी, कारण सगळे खुर्चीत सावरून बसले. ऋतुराज माइक घेऊन वाटेत आला. या जागेवर आवाज नाही, तो नव्या लोकांना सांगत होता, मावशी काय म्हणते ते अजून कुणाला कळलेलं नाही, बोला. कुणी म्हणालं, शाप देते. कुणी म्हणालं, आपल्या मारेकऱ्याचं नाव घेते. पोस्टातले गृहस्थ म्हणाले, त्यांच्या मते ती देवीला हाक मारते, आणि याबद्दल त्यांनी बराच विचार केला आहे. मागून एक पोरगा म्हणाला, चहा आला का, असं विचारते. सगळे हसले.

मी तिच्या नजरेच्या टोकाकडे बघत होते. पडद्याच्या डाव्या कडेला, जिथे चित्र संपून हॉलची पिवळी भिंत सुरू होत होती, तिथे बांध होता. तिथे डबा घेऊन मी उभी होते. तिथून मी खाली उतरले होते.

मला तिचे शब्द तेव्हा ऐकू आले होते. नंतर मी ते ऐकले नाहीत असं ठरवलं होतं.

मी हात वर केला. ऋतुराज जवळ आला, मला ओळखून चपापला. “मॅडम, तुम्ही?” त्याने माइक पुढे केला. माइक जड होता. मी उभी राहिले, वर्गात राहते तशी, आणि बोलायला तोंड उघडलं तर वर्गातली भाषा आलीच नाही.

“ती मना सांगते,” मी म्हटलं. “मी बांदावर होते. मी रडत चिखलात उतरले म्हनून सांगते. मागं जा सोने, मी येतंय.” ऋतुराज माझ्याकडे बघत होता. “तुमाला मी बोलले तवा ती जिती होती. आता सोमवारी गेली. चंद्रभागा नाव तिचा,” मी म्हटलं, “आन ती माजी आय हाय.”